मॉडमधले हे सात फॅरो कोण कोण आहेत, कोणी ओळखून देता काय?

शहापूरचा_मामा

नमस्कार मंडळी. मी बेळगाव शहापूरचा. दहावीची परीक्षा संपवून भाचा आमच्याकडं सुट्टीला आलाय आणि रोज रात्री जेवण झालं की आम्ही दोघं मिळून एक जुनी टर्नवाली स्ट्रॅटेजी गेम खेळालोय. त्यात कुणीतरी बनवलेला इजिप्तचा मॉड, म्हणजे मूळ गेमवर खेळाडूनंच केलेली भर, त्यानं टाकला. मॉड लई भारी आहे, नकाशा, आवाज, शहरं सगळं मन लावून केलंय, पण नेत्यांची, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजांची (फॅरोंची), नावंच गायब आहेत. जिथं नाव यायला पाहिजे तिथं नुसतं लीडर ०१, लीडर ०२ असं येतंय. ज्यानं केला त्याचं पान केव्हाच बंद पडलंय. आता भाच्यानं मनावर घेतलंय की हा मॉड सगळा मराठीत करायचा, टेक्स्ट फाईल उघडून दीडशेच्या वर ओळी त्यानं मराठीत टाईपसुद्धा केल्यात, धान्य, खाण, वेढा, तह, सगळं. अडलंय फक्त नावांवर. चुकीचं नाव टाकायचं नाही म्हणतोय, आणि मला ते पटतंय.

तर चित्रं सांगतो. एक नंबरचा राजा उभा आहे, डोक्यावर पांढरी उंच टोपी, कळसासारखी निमुळती, एका हातात गदा उगारलेली आणि दुसऱ्या हातानं गुडघ्यावर बसलेल्या माणसाचे केस धरलेत. वर कोपऱ्यात एक चौकट आहे, तिच्यात मासा आणि खाली छिन्नीसारखं काहीतरी. दोन नंबरला पट्ट्यापट्ट्याचं कापड डोक्यावर, हनुवटीला ती बांधलेली दाढी, पण चेहरा एकदम नाजूक, मागं डोंगराच्या कड्याखाली पायरीपायरीचं देऊळ आणि जहाजावर टोपल्यांतून झाडं चढवालेत. याला व्यापाराचा बोनस आहे. तीन नंबरचा लांबट तोंडाचा, ओठ जाड, पोट सुटलेलं, वर सूर्य आणि सूर्याच्या प्रत्येक किरणाच्या टोकाला माणसाचा हात! याला धर्माचे पॉइंट लई मिळतात पण जुनी देवळं बंद पडतात.

चार नंबर रथात उभा, निळं शिरस्त्राण, धनुष्य ताणलेलं. बोनस असा की किनाऱ्यावरच्या शहरांचा बचाव वाढतो. पाच नंबर आम्हाला कळला, सोन्याचा मुखवटा, तो तुतनखामेन, त्यात काय शंका नाही. सहा नंबरचा राजा काळासावळा, डोक्याला घट्ट बसणारी टोपी, कपाळावर एक सोडून दोन नाग, आणि शेजारी दगडाचा मेंढा बसलाय, मेंढ्याच्या पुढच्या पायात एक लहान माणूस उभा. याला तिरंदाजांचा बोनस. सात नंबर बाई आहे, अंबाडा घातलेला, एका बाजूनं चेहरा, नाक मोठं, मागच्या भिंतीवर ती आणि तिच्यापुढं एक पोरगा असं कोरलंय. लांबट गोलात अक्षरं आहेत, त्यात सिंह दिसतोय. मी म्हणालो क्लिओपात्रा, तर भाचा म्हणतो मामा, सिव्हिलायझेशन ६ गेममधली क्लिओपात्रा अशी कुठं दिसते?

कुणाला माहिती असेल तर सांगा. पोरगा रोज विचारालाय.

निपाणी_गेमर

मामा, मी सिव्हिलायझेशन तीनपासून खेळत आलोय त्यामुळे पटापट सांगतो.

चार नंबर रामसेस दुसरा, डोळे झाकून. निळं हेल्मेट, रथ, धनुष्य, हे कादेशच्या लढाईचं चित्र आहे, इ.स.पू. १२७४, हित्ती लोकांशी झालेली, अबू सिंबेलच्या देवळात हेच कोरलंय. बहुतेक गेमवाले इजिप्त म्हटलं की यालाच आणतात. सिव्ह ५ मध्ये तोच होता, त्याला वंडर, म्हणजे जगप्रसिद्ध मोठ्या वास्तू, बांधायला २० टक्के जास्त वेग मिळायचा, आणि ते बरोबरच होतं कारण ६६ वर्षं राज्य केलं बाबानं आणि नाईलच्या काठानं दिसेल तिथं बांधकाम काढलं.

दोन नंबर मला हत्शेपसुत वाटते, म्हणजे बाई आहे ती, दाढीवर जाऊ नका. सिव्ह ४ मध्ये सुरुवातीला इजिप्तला तीच होती, रामसेस नंतर एक्स्पान्शनमध्ये आला. परवाच्या सिव्ह ७ मध्ये, २०२५ साली, परत तिलाच घेतलंय. तीन नंबर अखेनातेन, तो सूर्याचा भक्त, किरणांना हात म्हणजे दुसरा कुणी असूच शकत नाही.

सात नंबर क्लिओपात्राच. भाच्याला सांगा सिव्ह ३ आणि ६ मध्ये तिला हिरॉइनसारखी काढलीय पण तिच्या स्वतःच्या काळातल्या नाण्यांवर बघशील तर बाकदार नाक आणि पुढं आलेली हनुवटी आहे. तुमच्या मॉडवाल्यानं नाणं बघून काढलंय असं दिसतंय, मानलं पाहिजे.

एक आणि सहा मला सांगता येत नाही. मेंढा कुठल्याच गेममध्ये बघितलेला नाही मी. गुरुजी ऑनलाईन असतील तर ते सांगतील.

हलशीचे_गुरुजी

शहापूरकर, तुमच्या भाच्याचं मला फार कौतुक वाटलं. चुकीचं नाव टाकायचं नाही हे दहावीच्या पोराला कळतं आणि मोठमोठ्या लोकांना कळत नाही.

आधी मूळ गोष्ट सांगतो मग चित्रांकडे येतो. चेहऱ्यावरून फॅरो ओळखायला जाऊ नका. तिथे राजाचा पुतळा म्हणजे फोटो नव्हे, राजा कसा दिसावा याचा तो नमुना असायचा, तरुण, ताठ, रुंद खांद्यांचा, साठीचा राजासुद्धा पंचविशीचाच कोरायचे. टोपीवरून काळ कळतो, प्रसंग कळतो, माणूस कळत नाही. माणूस कळतो नावावरून. आपल्याकडे नाही का, गोव्याच्या कदंबांत जयकेशी नावाचे तीन राजे झाले. खानापूर तालुक्यात कुठे शिलालेखात जयकेशी सापडला म्हणून लगेच पहिला की दुसरा ते सांगता येत नाही, बिरुद बघावं लागतं, शक बघावा लागतो, बापाचं नाव बघावं लागतं. इजिप्तमध्येही तेच आहे. अकरा रामसेस झालेत, हे ध्यानात ठेवा.

ज्याला तुम्ही लांबट गोल म्हणता तो दोरीचा वेढा आहे, खाली गाठ मारलेली असते, त्याला कार्तूश म्हणतात. पूर्ण राजाची पाच नावं असायची आणि त्यातली दोन अशा वेढ्यात लिहायचे. एका वेढ्याच्या वर लव्हाळ्याची काडी आणि मधमाशी असते, ते राज्याभिषेकाचं नाव. दुसऱ्याच्या वर बदक आणि सूर्याची तबकडी असते, म्हणजे 'रा देवाचा पुत्र' (रा म्हणजे सूर्यदेव), ते जन्माचं नाव. वाचायला कुठून सुरू करायचं ते पक्ष्यांच्या आणि माणसांच्या तोंडावरून कळतं, ती ज्या बाजूला बघतात तिकडून सुरुवात. आमच्या हलशीच्या देवळात मी पोरांना लेख दाखवायला नेतो तेव्हा संध्याकाळी टॉर्च सरळ न धरता बाजूनं तिरपा धरायला लावतो, लगेच अक्षरं उठून दिसतात. तुम्ही तसंच करा, चेहरा सोडा आणि कोपऱ्यातली अक्षरं मोठी करून बघा.

आता एक नंबर. हा नार्मेर. मासा म्हणजे नाईलमधला मिशीवाला मासा, त्याचा उच्चार 'नार', छिन्नीचा 'मेर'. त्या काळी कार्तूश आलेलाच नव्हता म्हणून नाव राजवाड्याच्या दर्शनी भिंतीसारख्या चौकटीत लिहायचे. इ.स.पू. ३१०० च्या सुमाराचा राजा, आणि तुम्ही सांगितलेलं गदेचं दृश्य एका दगडी पाटीवर जसंच्या तसं आहे. त्या पाटीच्या एका बाजूला त्याच्या डोक्यावर पांढरा मुकुट आहे, उलट बाजूला लाल. पांढरा वरच्या इजिप्तचा, लाल खालच्या इजिप्तचा. मॉड मराठीत करताना एक जपा, वरचा इजिप्त म्हणजे नकाशात दक्षिण! नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते म्हणून. आपण मलप्रभेच्या वरच्या अंगाला कणकुंबी म्हणतो तसंच ते, उगमाकडचा भाग तो वरचा. बरेच लोक 'वरचा' वाचून उत्तर लिहून मोकळे होतात.

सहा नंबरचा तहार्का. दोन नाग आणि ती घट्ट टोपी ही कुश देशाच्या राजांची खूण, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेला आजच्या सुदानमध्ये जे राज्य होतं त्यांची. त्यांनी इजिप्त जिंकून पंचविसावा राजवंश चालवला. दोन नाग त्या वंशातल्या इतर राजांनाही आहेत, पण मेंढ्यानं काम सोपं केलं. मेंढा म्हणजे आमोन देव, आणि पुढच्या पायांत उभा राहिलेला लहान माणूस म्हणजे त्याच्या आसऱ्याला आलेला राजा तहार्का. कावा इथल्या देवळातली ती मूर्ती आहे. याचं राज्य इ.स.पू. ६९० ते ६६४, असुर लोकांशी म्हणजे असीरियनांशी याची झुंज झाली. तिरंदाजांचा बोनस ज्यानं दिला त्यानं अभ्यास केलाय, कारण त्या भागाला इजिप्ती लोक 'धनुष्याची भूमी' म्हणायचे.

चार नंबरबद्दल मात्र निपाणीकरांनी जरा घाई केली असं मला वाटतं. रथ, धनुष्य आणि निळं शिरस्त्राण इजिप्तच्या इतिहासात ज्याला 'नवं राज्य' म्हणतात त्या काळात पुष्कळ राजांना आहे. शहापूरकर, चित्राच्या मागच्या बाजूला काय आहे आणि दोन्ही कार्तूशांत काय काय दिसतं ते सांगा. किनाऱ्याच्या बचावाचा बोनस दुसऱ्या रामसेसला का द्यावा हे मला कळेना.

निपाणी_गेमर

गुरुजी, कादेशला नदी होती की, ओरोंतेस. त्यामुळे पाणी असणारच चित्रात.

शहापूरचा_मामा

गुरुजी, तुमचं वाचून भाचा उड्या मारालाय. आत्ताच बसून सगळी चित्रं झूम केली आणि त्यानं चौकटीच्या वहीवर एक एक चिन्ह उतरून काढलं. आमच्या घरात पूर्वी माग होता, आजी साडीच्या काठाची नक्षी अशीच चौकटीच्या कागदावर मोजून उतरायची, ती बाजूला बसून सांगालती की बाळा आधी रांगा मोज मग काढ. तीन पिढ्या एका कागदावर वाकलेल्या बघून मला लई बरं वाटलं.

चार नंबरचं सांगतो. मागं नदी नाही ओ, नुसती जहाजं आहेत, एकाला एक चिकटलेली, एक तर उलटलंय आणि माणसं पाण्यात पडालेत. त्या माणसांच्या डोक्यावर ताठ पिसं लावल्यासारखं काहीतरी आहे, कंगव्यागत. दुसऱ्या कोपऱ्यात बैलगाड्या आहेत, भरीव चाकाच्या, आणि गाडीत बायका आणि पोरं बसलेत! लढाईत बायकापोरं कशाला हे आजीनं विचारलं.

मधमाशीच्या खालच्या गोलात सूर्य, कुत्र्याचं की कोल्ह्याचं तोंड असलेली काठी, पीस खोवलेली बसलेली बाई, मग दोन उंच पिसांचा बसलेला देव आणि कुदळीसारखं एक. बदकाच्या खालच्या गोलात बरीच गर्दी आहे पण शेवटाला मेंढपाळाची आकडी आणि एक खांब एवढं स्पष्ट दिसतंय.

हलशीचे_गुरुजी

मग हा तिसरा रामसेस. आता शंका नाही.

आजींचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. पिसांच्या टोपीवाले ते 'सागरी लोक'. ते नुसतं लुटायला आलेले नव्हते, घरदार उचलून राहायला जागा शोधत निघालेले होते, म्हणून बैलगाडीत बायका, पोरं, सामान. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी जमिनीवर आणि नदीच्या मुखाशी पाण्यात अशा दोन लढाया झाल्या आणि त्या त्यानं मेदिनेत हाबू इथल्या आपल्या देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवल्या. उलटलेलं जहाज, पाण्यात पडणारी माणसं, बैलगाड्या, सगळं त्याच भिंतीवरून उचललंय. कादेशच्या चित्रात नदी आहे हे निपाणीकरांचं बरोबर, पण तिथे आरमार नाही.

आता अक्षरं बघा, गंमत इथंच आहे. मधमाशीखालच्या वेढ्यात सूर्य म्हणजे रा, काठी म्हणजे उसेर, बलवान, आणि पीसवाली देवी म्हणजे मात, सत्य आणि न्याय. झालं 'उसेरमातरे'. इथपर्यंत दुसरा आणि तिसरा रामसेस सारखेच! फरक पुढे आहे. दुसऱ्याच्या त्याच वेढ्यात पुढे सुताराचा वासला, पाण्याची लाट आणि परत सूर्य येतो, 'सेतेपेनरे', म्हणजे रा देवानं निवडलेला. तिसऱ्याच्या इथे आमोन आणि कुदळ आहे, 'मेरीआमोन', आमोनाचा लाडका.

पण कुणी म्हणेल की मेरीआमोन तर दुसऱ्या रामसेसच्या नावातही असतं. असतं, पण त्याच्या बदकाच्या वेढ्यात असतं, मधमाशीच्या नव्हे. म्हणून कुठल्या वेढ्यात काय आहे ते बघायचं. तिसऱ्याच्या बदकाच्या वेढ्यात आकडी आणि खांब, 'हेकाइउनू', इउनू नगरीचा स्वामी. तुमच्या भाच्यानं नेमकी हीच दोन चिन्हं उतरवली, आणखी काही लागत नाही.

हा गोंधळ अपघातानं झालेला नाही. दुसरा गादीवर बसल्यानंतर नव्वदेक वर्षांनी तिसरा रामसेस आला आणि त्याला दुसऱ्यासारखंच व्हायचं होतं, नाव त्याच्यावरून घेतलं, देवळाची मांडणीसुद्धा त्याच्या देवळावरून उचलली. शेवट मात्र वाईट झाला, जनानखान्यात कट झाला, त्याचा खटल्याचा कागद उरलाय, आणि २०१२ साली त्याच्या ममीचं स्कॅन प्रसिद्ध झालं त्यात गळ्यावर खोल वार निघाला.

निपाणी_गेमर

गुरुजी, चुकलो मी, मान्य. आता आठवलं की २०२३ ला टोटल वॉर फॅरो आली त्यातला रामसेसपण तिसराच आहे. सुरुवातीला गादीवर मेरनेप्ताह असतो आणि मग सेती, आमेनमेस, तौस्रेत अन् हा, असे सगळे गादीसाठी झगडतात, आणि समुद्राकडून धाडी सुरूच असतात. पन्नास तास तरी खेळलोय मी ती, आणि इतके दिवस मी त्याला तरुणपणीचा दुसरा रामसेस समजून खेळत होतो. मेरनेप्ताह तर दुसऱ्याचा मुलगा, म्हणजे बाप आधी मेलाय हे साधं डोक्यात आलं नाही.

मामा, मग मॉडमध्ये नुसतं 'रामसेस' लिहू नका, 'तिसरा रामसेस' असंच लिहा. माझ्यासारखे लई आहेत.

अनगोळ_ताई

उशिरा आले, पण दोन नंबरबद्दल कुणी नीट बोललंच नाही म्हणून लिहिते. मी भाषांतराचं काम करते त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजचा आहे.

दोन नंबर हत्शेपसुतच, निपाणीच्या दादांनी बरोबर सांगितलंय. खात्रीसाठी कार्तूशात बघा, सूर्य, पीसवाली बसलेली देवी आणि वर उचललेले दोन हात असतील, ते 'मातकारे', तिचं राज्याभिषेकाचं नाव. मागचं देऊळ देर-एल-बाहरीचं. आणि टोपल्यांतली झाडं म्हणजे तिनं पुंत देशाला धाडलेल्या मोहिमेतून आणलेली गंधरसाची झाडं. मुळासकट माती धरून टोपलीत ठेवलीत आणि काठीला टांगून दोन्ही बाजूंनी माणसं खांद्यावर घेऊन जहाजावर चढतात असं त्या भिंतीवर कोरलंय. दुसऱ्या देशातलं जिवंत झाड समुद्रातून आणून आपल्या देवळापुढं लावायचं, साडेतीन हजार वर्षांपूर्वी! तिची ओळख लढाईतून न दाखवता या झाडांतून दाखवणाऱ्या त्या मॉडवाल्याचं मला मनापासून बरं वाटलं.

आता मुख्य मुद्दा. मराठीत तुम्हाला क्रियापद लिहावं लागणार, इंग्रजीत चालून जातं, आपल्यात नाही. 'मी तुझ्याशी तह करायला आलो' की 'आले'? दाढी बघून 'आलो' लिहू नका. पुतळ्यात ती पुरुषाच्या वेषात आहे, दाढी आहे, कारण राजाचा पोशाखच तो होता, गादीवर बसणाऱ्यानं तो घालायचा. पण तिच्या लेखांमध्ये तिच्याबद्दलचे शब्द बऱ्याच ठिकाणी स्त्रीलिंगी आहेत, 'रा देवाचा पुत्र' ऐवजी 'कन्या' असं येतं. म्हणजे तिनं बाई असणं लपवलेलं नव्हतं. तेव्हा क्रियापद स्त्रीलिंगीच ठेवा.

आणि 'राणी हत्शेपसुत' लिहू नका अशी माझी विनंती आहे. आपल्या भागात राणी म्हटलं की कित्तूरची चन्नम्मा डोळ्यापुढं येते, तलवार घेऊन १८२४ ला इंग्रजांसमोर उभी राहिलेली, राज्य चालवणारी, त्यामुळे आपल्याला राणी शब्द कमी वाटत नाही हे खरं. पण गेममध्ये बाकी सगळ्यांना फॅरो आणि हिलाच राणी असं लिहिलं तर पोरांना वाटेल ही कुणाची तरी बायको. ती आधी सावत्र मुलाच्या, म्हणजे तिसऱ्या थुतमोसच्या, वतीनं कारभार बघत होती आणि मग स्वतः राजपद घेतलं, पूर्ण पाच नावांसकट. तिच्यानंतर त्याच तिसऱ्या थुतमोसच्या कारकिर्दीच्या शेवटी तिची नावं आणि चित्रं छिन्नीनं काढून टाकली गेली. भाचा एवढ्या कष्टानं नाव शोधतोय, तर निदान तिचं पद तरी पूर्ण लिहा. 'फॅरो हत्शेपसुत', बस.

शहापूरचा_मामा

ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही चुकलोच होतो, भाच्यानं 'आलो' असंच टाईप केलं होतं. आत्ता बसून तिच्या सगळ्या ओळी बदलल्या, बावीस ओळी निघाल्या. कार्तूशात दोन उचललेले हात पण सापडले.

अजून एक विचारतो. नावं मराठीत कशी लिहायची? रामसेस, रॅमसेस, रामेसिस, तीन ठिकाणी तीन दिसतंय. तुतनखामेन की तुतनखामुन? आणि क्लिओपात्राच्या गोलात सिंह का, तिचं चिन्ह होतं काय सिंह?

हलशीचे_गुरुजी

सिंहाचं आधी. आपल्या डोक्यात कदंबांचा सिंह बसलाय म्हणून तसं वाटतं, त्यांच्या नाण्यांवर सिंह हे राजचिन्हच होतं. इथे मात्र तो सिंह नुसता 'ल' आहे, क्लिओपात्रातला ल! ती ग्रीक वंशाची, तिचं नाव परकं, म्हणून ते अक्षर अक्षर जोडून लिहावं लागलं. शांपोलियन या फ्रेंच विद्वानाला १८२२ साली ही लिपी उलगडली त्यात क्लिओपात्रा आणि टॉलेमी (तिच्या घराण्यातल्या राजांचं नाव) या दोन नावांचा फार मोठा वाटा आहे, दोन्हींत प, ल, त हे आवाज आहेत, ते ताडून बघता आले. तुमच्या भाच्याला दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून द्या आणि सिंह कुठे कुठे येतो ते शोधायला सांगा, टॉलेमीत चौथा आणि क्लिओपात्रात दुसरा.

पण क्लिओपात्रा नावाच्याही सात झाल्या, म्हणून नुसत्या नावावर थांबू नका. तुम्ही म्हणालात भिंतीवर तिच्यापुढे पोरगा उभा आहे, ते देंदेराच्या देवळाचं दृश्य आहे आणि पोरगा म्हणजे सीझरपासून झालेला तिचा मुलगा सीझेरियन. म्हणजे ही सातवी, इ.स.पू. ५१ ते ३० वाली, शेवटची.

नावांचं म्हणाल तर त्या लिपीत स्वर लिहीतच नसत, फक्त व्यंजनं. आमेन, आमोन, आमुन हा घोळ त्यातूनच येतो, कुणीच खोटा नाही. रामसेससाठी मात्र एक बाहेरचा पुरावा आहे. दुसऱ्या रामसेसचा हित्तींशी तह झाला तेव्हा मातीच्या पाट्यांवर परक्या लिपीत, जिच्यात स्वर लिहितात, त्याचं नाव 'रिआमाशेशा' असं आलंय आणि उसेरमातरेचं 'वाशमुआरिआ'. म्हणजे तेव्हाचे लोक तसं काहीतरी म्हणत असणार. तरी मराठीत लोकांच्या तोंडात बसलेलं रामसेस ठेवा, एकदा ठरवलं की सगळीकडे तेच ठेवा. रिआमाशेशा हवं तर गेमच्या माहितीच्या पानात लिहा.

अनगोळ_ताई

गुरुजींशी सहमत. फक्त आमोन एका ठिकाणी आणि तुतनखामेनात आमेन असं दोन्ही ठेवायचं असेल तर माहितीच्या पानात एक ओळ टाका की देव एकच आहे. पोरं विचारतात.

शहापूरचा_मामा

झालं मंडळी, सातही नावं बसली. पहिल्यांदा गेम चालू केली आणि 'फॅरो हत्शेपसुत आपल्या भेटीला आल्या आहेत' असं मराठीत आलं तेव्हा भाच्यानं आजीला हात धरून आणून दाखवलं.

आता जाता जाता त्याचा एक शेवटचा प्रश्न. पाच नंबर सोपा म्हणून आम्ही त्याची अक्षरं बघितलीच नव्हती. आज त्यानं तीपण वहीत उतरली. तुतनखामेनच्या बदकाखालच्या गोलात लव्हाळ्याचं पान, त्याच्या पुढं एक आडवी पट्टी, पट्टीच्या वरच्या कडेला लहान लहान दात, आणि खाली पाण्याची लाट. तो म्हणतोय मामा हा कंगवा आहे, मी म्हणतोय करवत. काय आहे ओ ते?

हलशीचे_गुरुजी

दोन्ही नाही. तो खेळाचा पट आहे. सेनेत नावाचा त्यांचा खेळ होता, तीस घरांचा, आपल्या सारीपाटासारखा दोघांनी बसून खेळायचा, आणि ते दात म्हणजे पटावर मांडलेल्या सोंगट्या, बाजूनं बघितल्यावर दिसतात तशा. त्याचा उच्चार 'मेन'. पान, पट आणि लाट मिळून आमेन. १९२२ ला तुतनखामेनची कबर उघडली तेव्हा आत खरे सेनेतचे पटही निघाले, आबनुसाच्या लाकडाचे, खाली सोंगट्या ठेवायला खण असलेले.

तिसऱ्या थुतमोसच्या 'मेनखेपेररे' नावातही हाच पट आहे. तुमच्या मॉडमध्ये तो राजा नाहीये, भाच्याला विचारा, आठवा लीडर करायला जमेल काय?

शहापूरचा_मामा

जमेल म्हणतोय. वही घेऊन बसला पण.